ओल्या भिंतीवरची वही

“हात पुढं करा. पालथे नव्हेत, उताणे. आणि जिच्या बोटाला तांबडं लागलेलं दिसेल, तिनं आपलं दप्तर आत्ताच आवरून ठेवावं.”

हा आवाज माझा. पनवेलच्या एका मुलींच्या शाळेत मी तेव्हा ड्रॉइंग मास्तर होतो आणि त्या सकाळी असा काही ओरडत होतो की बंदरातल्या मचव्यांनी वारा सुटला समजून शिडं चढवली. बाजारपेठेत एका कापडवाल्याच्या हातून तागा निसटला तो थेट तळ्याच्या काठापर्यंत उलगडत गेला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी आयुष्यात खोटं कधी बोललो नाही, फक्त खऱ्याचा कागद पातळ असला तर दोन पानं एकमेकांना चिकटवून तो जाड करून घेतो.

बेचाळीस मुली, चौऱ्याऐंशी तळवे. मी एकेक तळवा असा तपासला, जशी काही खुनाची चौकशी होती. एकीचे दोन्ही हात लालभडक निघाले. तिला मी इतका वेळ खडसावलं की शेवटी ती रडत म्हणाली, मास्तर, मावशीच्या लग्नाची मेंदी आहे. पुढं हिराचे हात आले. मिठानं भेगाळलेले, भेगांच्या कडा पांढऱ्या, नखं पिवळीजर्द. पिवळ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मी पुढं सरकलो.

माझ्या पाठीमागे भिंतीवर सोळा चित्रं चिकटवलेली होती. आदल्या संध्याकाळी ती सोन्यासारखी पिवळी होती. सकाळी कुलूप उघडलं तर सोळाच्या सोळा तांबडी. खाडी तांबडी, आभाळ तांबडं, मिठाच्या राशीमागचं ऊन तांबडं, जणू कोणी भिंतीवर कोंबडं कापलं होतं. आणि साडेदहाच्या एस.टी.नं दिपोटी यायचे होते. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे शिक्षणखात्याचे साहेब. पंतप्रधान आले तर आमचे हेडमास्तर कोटाचं वरचं बटण लावतील न लावतील, दिपोटींसाठी ते सगळी बटणं लावून वर मफलर गुंडाळत.

माघ सरून फाल्गुन लागला की मला अजून राग येतो. लोकांना पळस दिसतो, आंब्याचा मोहोर दिसतो, मला ओल्या चुन्याचा वास येतो आणि डोकं तापतं. आता चुना कोण लावतो म्हणा. शाळा गुलाबी झाल्या, निळ्या झाल्या, खाडीकाठच्या करंजाड्याला तर नव्या इमारती अशा रंगांच्या आहेत की ते रंग देवानं पोपटालासुद्धा दिले नसते. तरी परीक्षेचे दिवस जवळ आले की कुठून तरी तो वास येतोच. गेल्याच आठवड्यात माझी नात एक वही घेऊन आली. जाड कागद, कडा मुद्दाम फाटक्या, पाठीवर सुती दोरा. म्हणाली, आजोबा, हे आर्ट जर्नल, यात रोज काहीतरी चितारायचं. मी असा भडकलो की सून स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोरीला कळेना, वहीनं आजोबांचं काय घोडं मारलं. वहीनं काही मारलं नव्हतं. जे मारलं ते मी, आणि तेही साठ वर्षांपूर्वी.

तेव्हा महाराष्ट्र अजून व्हायचा होता आणि आमच्या शाळेला ड्रॉइंगचा कागद कधी मिळायचा नव्हता. हेडमास्तरांचं मत असं की चित्रकला हा विषय पाटीवर भागतो, पुसला की दुसऱ्या इयत्तेला तीच पाटी. मी त्यांच्याशी भांडलो, अर्जांवर अर्ज केले, ते अर्ज एकावर एक ठेवले असते तर माथेरानला दुसरी वाट झाली असती. शेवटी मीच उपाय काढला, आणि सांगायला लाज कसली, उपाय फर्मास होता.

दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळते ती चाळीस पानी वही घ्यायची. कागद असा की शाई या पानावर लावावी आणि तिसऱ्या पानावर वाचावी. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले. वहीच्या टाचण्या काढायच्या, पानं मधोमध कापून लहान करायची, मग दोन-दोन पानं भाताच्या खळीनं एकमेकांना चिकटवायची. खळ पातळ हवी. जाड झाली तर पानाचा पापड होतो आणि झुरळं मेजवानीला येतात. ती ओली पानं धुवट पंच्याच्या घडीत घालून पाट्याखाली रात्रभर दाबायची. सकाळी कागद असा करकरीत निघे की नोटा छापणाऱ्यांनी यावं आणि चौकशी करावी. मग विळीवर कडा कापायच्या, दाभणानं तीन भोकं पाडायची आणि सुतळीनं शिवायचं. तळहातात मावेल एवढी वही. तिचं नाव मी चित्रवही ठेवलं. नियम एकच, रोज एक चित्र, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच. पुस्तकातले कमळ, हरीण आणि झोपडीमागचे दोन डोंगर काढणारीला मी वर्गाबाहेर उभी करीत असे.

आणि काय वह्या झाल्या त्या! तांबट आळीतल्या एका मुलीनं नुसत्या ठोक्यांच्या हंड्या काढल्या. एकीनं एस.टी. स्टँडवरची माणसं काढली, सगळी पाठमोरी, कारण म्हणे समोरून पाहिलं की माणसं ओरडतात. रंग दुकानातले थोडे, घरचे जास्त. काजळ, नीळ, गेरू, पळसाच्या फुलांचं पाणी. कुठून काय आणलं ते मी विचारत नसे. मला वाटे, मी मोठा उदार गुरू. आज म्हणतो, विचारलं असतंस तर काय तुझी जीभ झिजली असती रे?

हिरा खाडीपलीकडच्या मिठागरातली. तिच्या पाड्यावरून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. सकाळी ओहोटी असली तर चिखल तुडवत यायची, भरती असली तर होडीतून, आणि दोन्ही वेळा माझ्या आधी शाळेत. बोलणं कमी. तिला प्रश्न विचारावा आणि आपण घरी जाऊन जेवून यावं, तोवर उत्तर येई. पण उत्तर चुकलेलं कधी नसे. दाभण तीच आणायची, गोणी शिवायचं, वीतभर लांब. अख्ख्या वर्गाच्या वह्यांना भोकं तिच्याच दाभणानं पडली.

तिची वही पहिल्यांदा उघडली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो म्हणून बरं. सगळी पानं मिठागराची. पाणी भरलेले चौकोन, मधले बांध, टोपल्या घेऊन चाललेल्या बायका, एका पायावर उभा बगळा. रंग मिळून दोन, काजळाचा काळा आणि एक पिवळा. पण तो पिवळा! संध्याकाळचं ऊन खाऱ्या पाण्यावर पडलं की जसं डोळ्यांत खुपतं, तसा तो कागदातून खुपत होता. मुंबईला मोठमोठ्यांची चित्रं मी पाहिली होती. तिथंही असला पिवळा पाहिला नव्हता. मी तेव्हा ठरवून टाकलं, ही मुलगी अलिबागला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार, सातवीची फायनल पास होणार आणि मी म्हातारा झालो की माझ्या खुर्चीत बसणार.

अडचण तिच्या बापाची होती. माणूस सरळ, आवाज न चढवणारा. मीठ धरायचे दिवस आणि परीक्षेचे दिवस एकच, आणि त्याला हात कमी पडत होते. तो म्हणायचा, मास्तर, पोरीची जात, सातवीपरत आली ते लय झाला. मी त्याला पटवायला मिठागरावर इतक्या खेपा घातल्या की माझ्या चपलांना मीठ धरू लागलं. शेवटी तो एका गोष्टीला कबूल झाला. दिपोटीसाहेब येणार आहेत ना, त्यांनी वही बघून पोरगीत काही हाय असा सांगला तं परीक्षेला पाठवीन, नाय तं दुसऱ्या दिवसापासून आगरावर. साहेबाचा शब्द तो आमचा शब्द. तो साहेब म्हणजे चित्रातलं काही न कळणारा माणूस आहे हे मला ठाऊक होतं, पण मी म्हणालो, ठीक. मला माझ्या वहीवर भरवसा होता. माझ्या वहीवर, म्हणालो मी. पाहिलंत?

तळहातातली वही साहेबांना दिसायची कशी, हा प्रश्न मला पडला. साहेब चष्म्याच्या वरून जग पाहणारे. म्हणून मी ठरवलं, हिराची वही उसवायची आणि पानं भिंतीवर लावायची, आत शिरताच समोर, सूर्योदयासारखी. हेडमास्तरांनी तपासणीसाठी शाळा नुकतीच चुन्यानं न्हाऊ घातली होती. समोरच्या भिंतीवर दुसरा हात तर त्याच दुपारी बसला होता. ती अशी पांढरी ओली चमकत होती की पाहून माझ्यातला कलावंत उचंबळला. संध्याकाळी मी स्टुलावर चढलो. हिरानं सुतळी उसवली, एकेक पान खळीत बुडवून माझ्या हातात देत गेली, मी चिकटवत गेलो. वर बोलतही होतो. अलिबाग कसं आहे, समुद्र कसा आहे, तिथले परीक्षक तुझं चित्र पाहून कसे टोप्या काढतील. सोळावं पान लावून मी खाली उतरलो, दोन पावलं मागं सरलो आणि म्हणालो, वा. तिनंही भिंतीकडं पाहिलं. मग पिशवी घेऊन भरतीच्या आधी होडी गाठायला गेली.

आणि सकाळी तो लाल कत्तलखाना.

बेचाळीस मुलींचे हात तपासून झाले, कोणी कबूल होईना. शिपायावर ओरडलो, तो म्हणाला, किल्ली माझ्या उशाशी होती. एवढ्यात साहेब आले. मफलर गुंडाळलेले हेडमास्तर पुढं, साहेब मागं, आणि दारात, चपला हातात घेऊन, धुवट धोतर नेसलेला हिराचा बाप. तो पहाटेपासून शाळेबाहेर उभा होता हे मला मागाहून कळलं.

साहेब भिंतीपुढं उभे राहिले. चष्म्याच्या वरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, हे कशाचं चित्र? मिठागराचं, असं मी म्हणालो. साहेब हसले आणि हेडमास्तरांना म्हणाले, तुमच्या पनवेलला मीठसुद्धा तिखट दिसतं. हेडमास्तर इतके हसले की मफलर सुटला. ज्या माणसानं जन्मात मिठाची रास जवळून पाहिली नाही त्यानं हसावं, आणि ज्याला मीठ कशाशी खातात एवढंच ठाऊक त्यानं त्याला साथ द्यावी! अजून माझ्या कानशिलाची शीर उडते.

त्या घटकेला मी काय करायला हवं होतं? साहेब, काल ही चित्रं सोन्यासारखी होती, काय झालं मला कळत नाही, पण मुलीची चूक नाही, एवढं म्हणायला हवं होतं. लहानसं वाक्य होतं. तोंड एवढं मोठं असलेल्या माणसाला सहज जमलं असतं. पण साहेबांची नजर माझ्यावर होती, माझी नोकरी त्यांच्या शेऱ्यावर टांगलेली होती, आणि कोणावर तरी बोट रोखल्याशिवाय माझा राग थांबत नव्हता. मी बोट हिरावर रोखलं.

“साहेब, मी लावली तेव्हा ठीक होती. हिनंच मागाहून येऊन काहीतरी फासलं असणार. शिकवलेलं डोक्यात राहत नाही, त्याला मास्तर काय करणार?”

भरल्या वर्गात, तिच्या बापासमोर, हे मी बोललो. इथं मी कुठलंही पान जाड केलेलं नाही. शब्द न् शब्द एवढाच आहे.

हिरानं माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, खाली बसली. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत रंगज्ञान बेताचे असं लिहिलं आणि पोहे खायला गेले. जाता जाता बापाला म्हणाले, मुलीला घरकामाचं वळण लावा. बापानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पहिला साहेबांना, दुसरा मला. त्या दुसऱ्या नमस्काराचा मला साहेबापेक्षाही जास्त राग येतो. त्यानं मला एक थोबाडीत दिली असती तर मी आज निवांत म्हातारा असतो.

दुपारी भिंतीवरची चार पानं खरवडून घरी नेली. बाकीची चुन्यासकट सोलून निघाली आणि तिथंच चुरा झाली. आमच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळं बायको माझं ओरडणं अजून कौतुकानं ऐकत असे. मी घरभर येरझाऱ्या घालीत हेडमास्तरांचा, साहेबांचा, शिपायाचा आणि त्या न सापडलेल्या चोरट्या हातांचा उद्धार केला. ती तांदूळ निवडत होती. तिनं एक पान उचललं, बोटानं चोळलं, हुंगलं.

“अहो, ही हळद आहे. ओल्या चुन्यावर लावलीत तर तांबडी होणार नाही तर काय? तुम्ही रंगांचे मास्तर, आणि कुंकू कशाचं होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

पनवेलातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, प्रत्येक बाईला, धुणं धुताना डागाला साबण लावणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीलाही जे ठाऊक, ते मला नव्हतं. मी परीक्षा पास झालो होतो. मला रंगांची विलायती नावं पाठ होती. हळद ही माझ्या लेखी आमटीत असते.

तिनं उठून लिंबू कापलं आणि पानाच्या कोपऱ्यावर दोन थेंब पिळले. थेंब पडला तेवढी जागा पिवळी झाली. बगळ्याचा पाय आणि त्याच्याखालचं इतकंसं पाणी. मी लिंबू हिसकावून घेतलं, सगळ्या पानावर पिळलं, आणि ते पान, स्वस्त वहीचं, खळीनं फुगलेलं, चुन्यानं खाल्लेलं, माझ्या हातात लगदा होऊन सुटलं. एका लिंबाचं काम होतं. साडेदहाच्या एस.टी.च्या आधी, भरल्या शाळेत, बेचाळीसातल्या कोणत्याही मुलीला मी हात दाखव म्हणण्याऐवजी हे काय झालं असं विचारलं असतं, तरी उत्तर मिळालं असतं. ज्याचा आवाज मोठा त्याला विचारायची सवय नसते. हे वाक्य मी पुढं पन्नास वर्षं मुलींना सांगत आलो, अर्थात ओरडूनच.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी मिठागरावर गेलो. कोट घालून गेलो, कारण माफी मागायची होती. पहिल्याच बांधावर घसरलो आणि कमरेपर्यंत खाऱ्या चिखलात उतरलो. टोपल्या घेऊन चाललेल्या बायका थांबून हसल्या. एकीनं विचारलं, मास्तर, तुमाला बी मीठ लावून ठेवायचा हाय का? मी तिथूनच, कमरेएवढ्या चिखलातून, भाषण सुरू केलं. हिरानं काही फासलं नव्हतं, चूक सगळी माझी, मी मूर्ख, मी खोटारडा, साहेब गाढव, मुलीला परीक्षेला पाठवा, फी मी भरतो, अलिबागला मी नेतो. माझं बोलणं ऐकून खाडीतले मासे वर आले असतील, पण त्यांच्याकडं पाहायला मला फुरसत नव्हती.

हिराच्या बापानं हात देऊन मला वर ओढलं. पाणी प्यायला दिलं. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला:

“साहेबानी सांगला पोरगीत काय नाय. तुमी बी तेच सांगलाव. दोगंव शिकलेली मानसा. आता आज तुमी येगला बोलताव. मी परतेक दिवशी कोनाचा आयकू?”

मी कोटाच्या खिशांतला चिखल उपसू लागलो.

हिरा पलीकडच्या चौकोनात लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होती. शाळेचा परकर वर खोचलेला, डोक्यावर आईचं फडकं. फळी पुढं ढकलायची, मागं ओढायची, पाण्याखालचं मीठ खसखसत काठाला यायचं. तिच्यामागं रास लागली होती, ऊन तिरकं झालं होतं, आणि पाण्यावर तोच पिवळा पडला होता जो मी आयुष्यात एकदाच कागदावर पाहिला. मला इतका राग आला, त्या उन्हाचा, त्या फळीचा, माझ्या भिजलेल्या कोटाचा, की मी पुन्हा ओरडलो. ओरडायला गेलो नव्हतो, पण माफीसुद्धा माझ्या तोंडून त्याच आवाजात निघते. म्हणालो, अगं, हळद आहे हे तुला ठाऊक होतं. चुना ओला आहे हे दिसत होतं. सोळा पानं तू स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिलीस. एका शब्दानं का बोलली नाहीस?

तिनं फळी थांबवली नाही. ओढून आणलेलं मीठ काठावर नीट सारलं, फळी पुन्हा पाण्यात टाकली.

“मना वाटला,” ती म्हणाली, “तुमाला तांबडाच पायजे.”